चौघांचें गाणें : ठाणें-कल्याणकडील बैठकीची हकीकत

कल्याणांतील आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत बांधावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील वस्तूंची वांटणी करण्याकरितां आम्ही सारे भाऊबंद एका रविवारीं ओसरीवर जमलों होतों. तांब्यापितळेचीं भांडीं, शिसवी पलंग, देव्हारा, झोपाळ्याच्या कड्या, सारें भराभर वांटलें गेलें. प्रत्येक वस्तूस कोणीतरी घेणारा निघाला. मागें राहिला तो एक तंबोरा. आमच्या आजोबांनीं तो मिरजेहून करवून आणलेला. भोपळा मोठा, दांडी उंच, आणि गवसणी मात्र कधींच फाटून गेलेली.

ठाण्याला राहणारे आमचे धाकटे बंधु म्हणाले, “एवढें धूड ठेवावयाचें कोठें? आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला निजवावयास जागा नसते.” एका पुतण्यानें तो एखाद्या संस्थेस देऊन टाकण्याची सूचना केली. दुसऱ्यानें खिशांतील फोन काढून त्यांत तंबोरा वाजवून दाखविला. “हवी ती पट्टी लावा, काका. जुळवावयास नको, तार तुटावयास नको.” त्याच्या बोलण्याला कोणापाशीं उत्तर नव्हतें. इतक्यांत माजघराच्या दारांतून आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भावजी, तंबोरा माझ्याकडे येऊं द्या.”

सर्वजण चकित झाले. वहिनींचें डोंबिवलींतील बिऱ्हाड अवघें दोन खोल्यांचें. आणि गाण्याशीं त्यांचा कांहीं संबंध असल्याचें आम्हांपैकीं कोणाच्याहि ऐकण्यांत नव्हतें. त्या तंबोऱ्याचें पुढें काय झालें तें आम्ही शेवटीं सांगणार आहोंत. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला. जें गाणें एका खोलीकरितां जन्मास आलें, त्याला आतां आपल्या घरांत खोली उरली आहे काय? त्या प्रश्नाचा शोध घेतांना जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

खोलींतलें संगीत

युरोपांत संगीताचे तीन ठाव पूर्वींपासून मानतात : देऊळ, नाटकगृह आणि खोली. देवळांत शेंकडों लोक, नाटकगृहांत हजारों; पण तिसऱ्या प्रकारचें संगीत राजवाड्यांतील एखाद्या दालनांत किंवा गृहस्थाच्या दिवाणखान्यांत, मोजक्या मंडळींपुढें होई. त्यांत वाजविणारे तीन, चार, फार तर आठ. पुढें उभा राहून काठीनें ताल दाखविणारा नायक त्यांत नसतो. दोन व्हायोलिनें, त्यांहून किंचित् मोठें व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवावयाचें चेलो, अशा चार तंतुवाद्यांचा मेळ त्यांत श्रेष्ठ समजला जातो. ऑस्ट्रियांतील हायडन (१७३२-१८०९) यानें एस्टरहाझी नांवाच्या सरदारघराण्याच्या चाकरींत असतांना या मेळाला रूप दिलें; या चौघांकरितां त्यानें केलेल्या रचना ६८ भरतात. या संगीताची खरी खूण अशी कीं, प्रत्येक वाजविणाऱ्याचा सूर स्वतंत्र ऐकूं येतो. गर्दींत लपावयास जागा नसते. एकाची चूक दुसऱ्याला झांकतां येत नाहीं. आणि नायक नसल्यामुळें प्रत्येकानें दुसऱ्याचें ऐकावेंच लागतें.

हें वर्णन वाचून आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें आपली बैठकच उभी राहिली असेल. मध्यें गवई, उजव्या हातास तबलजी, डाव्या हातास पेटीवाला किंवा सारंगिया, आणि पाठीमागें तंबोऱ्यावर एखादा शिष्य. तेहि चौघेच! आपल्याकडे रचना कागदावर लिहिलेली नसते, आणि चौघांत गवई हा मुख्य असतो, एवढा भेद खरा. परंतु गर्दी नाहीं, नायकाची काठी नाहीं, एकमेकांचें ऐकल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं, या गोष्टी दोहोंकडे सारख्याच आहेत.

मुंबईंतील एक उदाहरण

हीं दोन संगीतें आपल्या दाराशींच एकमेकांना भेटलीं होतीं, ही हकीकत थोड्यांना ठाऊक आहे. १९३४ सालीं वाल्टर कॉफमन नांवाचा, बोहेमियांत जन्मलेला एक यहुदी संगीतकार मुंबईस उतरला. त्याचें वय त्या वेळीं तिशीच्या आंतलें. जर्मनींत हिटलरचें राज्य सुरू झालें होतें आणि यहुद्यांना मध्य युरोपांत पुढें काय वाढून ठेवलें आहे, हें दिसूं लागलें होतें. मुंबईंत येऊन कांहीं महिने होतात न होतात तोंच त्यानें ‘बॉम्बे चेंबर म्यूझिक सोसायटी’ स्थापन केली. तो स्वतः पियानोवर बसे; व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हर्गा. विलिंग्डन जिमखान्यांत दर गुरुवारीं या मंडळींचें वादन होई. पहिल्या तीन वर्षांतच त्यांच्या शंभराहून अधिक बैठकी झाल्या. श्रोते थोडे, पैसा बेताचा. परंतु गुरुवार मात्र चुकत नसे. लहान मंडळी टिकते ती अशा नेमानें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यांपैकीं मेहली मेहतांनीं १९३५ सालीं मुंबईंत मोठा वाद्यवृंद उभारला. जगप्रसिद्ध वाद्यवृंदनायक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म १९३६ सालीं मुंबईंतच झाला. घरांत रोज चाललेल्या रियाझाचा पाळण्यापासून कानांवर पडलेला सूर मुलाला कोठवर नेतो, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

कॉफमनची गोष्ट तर याहूनहि मौजेची. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या त्यानें प्रथम ऐकल्या, तेव्हां त्याला त्यांतील कांहींच उमगलें नाहीं. तें संगीत त्याला अगदीं परकें वाटलें. परंतु त्यानें त्यावरून संगीताला नांवें ठेविलीं नाहींत. त्यानें मनाशीं असा विचार केला कीं, ज्या संगीतावर इतकीं शहाणीं व सहृदय माणसें जीव टाकतात, तें जर मला कळत नसेल तर उणेपणा माझ्या कानांत आहे. मग तो शिकावयास बसला. १९३७ पासून १९४६ पर्यंत त्यानें मुंबईच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचें काम पाहिलें, आणि पुढें अमेरिकेंत प्राध्यापक झाल्यावर उत्तर व दक्षिण हिंदुस्थानांतील रागांवर दोन मोठे ग्रंथ लिहिले. पहांटे आकाशवाणी सुरू होतांना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी ओळखीची सुरावट आपण लहानपणापासून ऐकत आलों, तीहि कॉफमनचीच रचना मानतात. तिच्यांत शिवरंजनीची छाया आहे. म्हणजे आमच्या घरोघरच्या पहांटेचा पहिला सूर एका परागंदा माणसानें, त्या छोट्या मंडळींतील वाद्यावर बांधून दिलेला आहे!

तेंच वाद्य डोंबिवलींत

आतां मुंबईहून लोकलगाडीनें डोंबिवलीस येऊं. येथें आयुष्याच्या उत्तरकाळांत पंडित गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) यांचें वास्तव्य होतें. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य व औंध दरबारचे गवई. घरीं ग्वाल्हेरची गायकी चालत आलेली. परंतु तेवढ्यावर गजाननबुवांचें समाधान झालें नाहीं. रामकृष्णबुवा वझे, आग्र्याचे विलायत हुसेनखां व अल्लादियाखांसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखां यांजकडे त्यांनीं विद्या घेतली आणि तीन घराण्यांचें गाणें एका गळ्यांत आणलें. शिवाय ते तबल्याचे जाणकार होते. आणि व्हायोलिन तर त्यांनीं असें हस्तगत केलें कीं, हिंदुस्थानी पद्धतीनें व्हायोलिन वाजविणाऱ्यांच्या आद्य मंडळींत त्यांची गणना होते.

कॉफमनच्या मंडळींत मेहली मेहता जें वाद्य खांद्यावर धरून वाजवीत, तेंच वाद्य आपल्या वादकांनीं मांडी घालून, त्याचें डोकें पावलावर टेकवून, षड्ज-पंचमाच्या मेळांत लावून घेतलें. त्याला पडदे नाहींत. त्यामुळें मींड, गमक, श्रुतींचे सूक्ष्म भेद त्यांतून सहज निघतात. दक्षिणेंत बाळुस्वामी दीक्षितरांपासून हें वाद्य रुळलेलें होतें. उत्तरेंत त्याला प्रतिष्ठा देणाऱ्यांत गजाननबुवा एक. परक्या वस्तूचा तिरस्कार न करितां तिला आपल्या घरचें वळण लावणें, हा गुण आपल्या संगीतानें असा वेळोवेळीं दाखविला आहे.

गजाननबुवांनीं शिकविण्यांत हात आंखडता घेतला नाहीं. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर अशी शिष्यमंडळी त्यांच्या हाताखालीं तयार झाली. यांपैकीं कशाळकरांचे दुसरे गुरु ठाण्याचे पंडित राम मराठे (१९२४-१९८९). प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटांत बालकृष्ण झालेला हा मुलगा पुढें मास्तर कृष्णराव, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित अशा अनेक गुरूंच्या पायांशीं बसला, आणि ‘मंदारमाला’ नाटकानें १९६३ सालीं घरोघर पोहोंचला. ठाणें महानगरपालिका त्यांच्या स्मृत्यर्थ दरवर्षीं संगीतसमारंभ करते. एक ठाण्यास, एक डोंबिवलीस, अशा दोन गुरूंकडून विद्या घेऊन आजच्या ख्यालगायकींतील एक अग्रगण्य गवई तयार होतो, ही गोष्ट आमच्या या लोकलगाडीच्या मुलुखाला भूषणावह आहे. तें शिक्षण मोठ्या सभागृहांत झालें नाहीं. राहत्या बिऱ्हाडांत, गुरूच्या समोर मांडी घालून झालें.

आगगाडी आणि गायनसमाज

या मुलुखांत गाणें आलें कसें, हेंहि थोडक्यांत पाहूं. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. १८६३ सालीं बोरघाट व १८६५ सालीं थळघाट खुला झाला, आणि पुण्याची व नाशिकची अशा दोन्ही वाटा कल्याणास येऊन मिळाल्या. मिरजेहून, पुण्याहून, इंदूर-ग्वाल्हेरीहून मुंबईस जाणाऱ्या कलावंताला कल्याण चुकवितां येईना. ज्याला रसिकांनीं स्टेशनावर गांठून उतरवून घेतलें नाहीं, असा गवई विरळा, असें आमचे वडील थट्टेनें म्हणत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सुरू झालेली बैठक पहांटेच्या पहिल्या गाडीच्या वेळेस भैरवीनें संपावयाची, हा शिरस्ताहि त्यांच्याच तोंडून आम्हीं ऐकलेला.

संस्थानिकांचा आश्रय आटूं लागला तेव्हां मध्यमवर्गानें मंडळ्या काढून ती जागा भरून काढली. मुंबईंत १८७० सालीं पारशी गृहस्थांनीं गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. पुण्यांत १८७४ सालीं गायनसमाज निघाला. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें आणि सभ्य घरांतील मुलामुलींना संगीताचें दार मोकळें केलें. भास्करबुवा बखल्यांनीं १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाजाचा पाया घातला. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे भास्करबुवांचेच शिष्य. म्हणजे ठाण्याचे राम मराठे हे त्यांच्या परंपरेंतील नातू लागतात. कल्याण गायन समाज ही संस्थाहि या परिसरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून काम करीत आली असून ‘देवगंधर्व’ म्हणून गौरविल्या गेलेल्या भास्करबुवांच्या नांवें ती महोत्सव करते. अशा संस्था नसत्या तर कारकुनी करून पोट भरणाऱ्या आमच्या वाडवडिलांना मोठ्या गवयाचें गाणें हातभर अंतरावरून ऐकावयास मिळालें नसतें.

चौघांचीं कामें

बैठकींत कोण काय करतो, हें नव्या पिढींतील पुष्कळांना ठाऊक नसतें. म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों.

तंबोऱ्यापासून सुरुवात करूं, कारण बैठक तेथूनच सुरू होते. मिरजेस तंबोरे व सतारी करणारीं जीं घराणीं आहेत, तीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारांचीं. लढाया थांबल्या, तरवारींचें काम संपलें. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या कारागिरांनीं आपलें कसब वाद्यांकडे वळविलें. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांस आश्रय मिळाला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे निवडून, वाळवून, त्यांवर हे तंबोरे बनतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारचें भौगोलिक मानांकनहि मिळालें.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची (राग पाहून ती मध्यमांत किंवा निषादांत लावतात), मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे जोडाच्या, आणि शेवटची खर्जाची. परंतु खरी किमया घोडीवर आहे. घोडीचा माथा किंचित् उतरता असतो व तारेखालीं एक बारीक दोरा सरकवितात. तो नेमक्या जागीं बसला म्हणजे तार घोडीला निसटती घांसून बोलूं लागते. यालाच जवारी लागणें म्हणतात. मग एका सुरांतून अनेक सूर उमटतात. चार तारांपैकीं एकहि गंधारांत लावलेली नसतांना खर्जाच्या तारेंतून गंधार स्पष्ट ऐकूं येतो. आमच्या गायकांनीं त्याला ‘स्वयंभू गंधार’ असें यथार्थ नांव दिलें आहे. तो ऐकूं येऊं लागला कीं कान तयार होऊं लागला असें समजावें. फोनांतील तंबोऱ्याची आम्ही निंदा करीत नाहीं; एकट्यानें रियाझ करणाऱ्याची त्यानें मोठी सोय झाली आहे. परंतु जो आयता जुळलेला येतो तो जुळविण्याची विद्या शिकवीत नाहीं. खुंटी पिळतांना, मणका सरकवितांना, दोरा हलवितांना जें ऐकणें घडतें, तेंच निम्मे संगीतशिक्षण होय.

दुसरा तबलजी. त्याचें काम ठेका धरण्याचें, हें खरें. पण ठेका धरणें म्हणजे नुसते बोल मोजणें नव्हे. विलंबित ख्यालांत दोन मात्रांमधील अंतर मोठें होतें, तें रिकामें वाटूं न देतां गवयाला मोकळें सोडावयाचें असतें. अहमदजान थिरकवांसारखा तबल्याचा बादशहा बालगंधर्वांच्या नाटकमंडळींत पदांना साथ करी आणि एक बोल अधिक वाजवीत नसे, अशी त्याची ख्याति होती. शक्ति असून आवरणें, हीच साथीची कसोटी.

तिसरा पेटीवाला. पेटी मूळची युरोपची. पायानें भाता हलवावयाचें तें वाद्य हातपेटी होऊन आपल्या मांडीशीं आलें. तिचे सूर बांधीव, त्यांत मींड निघत नाहीं, श्रुति मिळत नाहींत, हा आक्षेप खोटा नव्हे. या आक्षेपावरूनच १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला बंदी केली, ती १९७१ नंतर सैल झाली. परंतु गोविंदराव टेंब्यांनीं भास्करबुवांच्या साथीस बसून दाखविलें कीं, उणें वाद्यहि जाणत्याच्या हातीं पडलें म्हणजे पुरें होतें. सारंगी गळ्याच्या अधिक जवळची असूनहि आमच्या भागांत पेटी घरोघर शिरली, याचें कारण उघड आहे : ती लवकर सुरांत येते, लवकर बिघडत नाहीं, आणि कपाटाखालीं मावते.

चौथा गवई. तो या तिघांवर हुकमत गाजवितो असें दुरून वाटतें. जवळून पाहिलें तर तो तिघांच्या आधारावर उभा असतो. खोलींत बसलेल्या श्रोत्यांची मान हललेली त्याला दिसते, जांभईहि दिसते! एखादी जागा साधली तर पहिल्या ओळींतील म्हाताऱ्यांच्या तोंडून आपसूक ‘वाहवा’ निघते आणि त्या एका शब्दानें पुढचा अर्धा तास बदलून जातो. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहांत दिव्यांच्या झोतापलीकडे गवयाला अंधार दिसतो. ठाण्याचें गडकरी रंगायतन असो, कल्याणचें अत्रे रंगमंदिर असो कीं डोंबिवलीचें फुले नाट्यमंदिर असो, हीं नाट्यगृहें झालीं हें उत्तमच झालें. तीं नसतीं तर हजारोंना गाणें लाभलें नसतें. परंतु ख्यालाची बारीक बोलणी, श्वासाची उतरण, तारेचा शेवटचा कंप, हें कर्ण्यांतून येत नाहीं. तें खोलींतच ऐकावें लागतें.

माजघरांतील श्रोते

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें लिहिली पाहिजे. जुन्या बैठकींचें आम्ही कौतुक करतों, पण त्या बैठकी कोणाच्या होत्या? आमच्या वाड्याच्या माडीवर गाणें चाले तेव्हां गालिच्यावर पुरुषमंडळी बसत. बायका माजघरांत. दर तासाला चहाचें आधण, मध्यरात्रीं मसाल्याचें दूध, पहांटे पुन्हां चहा, आणि मधल्या वेळांत जिन्याच्या पायऱ्यांवर बसून जेवढें कानीं पडेल तेवढें गाणें. हिराबाई बडोदेकरांनीं तिकीट लावून जाहीर बैठकी केल्या आणि सभ्य स्त्रीनें लोकांपुढें बसून गाण्यांत अप्रतिष्ठा नाहीं, हें महाराष्ट्राला पटवून दिलें. त्यांचे कार्यक्रम आमच्या घरच्या पुरुषांनीं पैसे देऊन ऐकले, वाखाणले. आणि घरीं परत आल्यावर सुनांना जिन्याच्या पायरीवरून वर बोलावण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं. त्यांत आम्हीहि आलों.

या घटकेला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना बसणाऱ्यांत मुलींची संख्या केवढी असते, हें कोणत्याहि परीक्षाकेंद्राच्या दाराशीं उभें राहून पाहावें. मात्र परीक्षा झाल्या, लग्न झालें, आणि पेटी माळ्यावर गेली, ही गोष्ट अजून घरोघर घडते. घराला जागा नाहीं ही सबब खरी असते. पण पुष्कळदां जागा मनांत नसते.

काय करतां येईल?

उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु गेल्या वर्षभराच्या अनुभवावरून कांहीं गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

घरगुती बैठकीला दिवाणखाना लागत नाहीं. दहा बाय पंधराच्या खोलींतील पलंग व टेबल बाहेर काढलें कीं वीसजण आरामांत बसतात. कर्णा मुळींच लावूं नये. शेजाऱ्यांची तक्रार येत नाहीं आणि गाणें खरें ऐकूं येतें. पंखा मंद ठेवावा आणि फोन बाहेरच्या खोलींत ठेवावेत. सायंकाळीं पांच वाजतां सुरू करून साडेसातला संपवावें, म्हणजे लेंकुरवाळ्यांची व लांबून आलेल्यांची अडचण होत नाहीं. चहा आरंभीं किंवा शेवटीं द्यावा, आणि तो कोणीहि करावा. मध्यें कोणास उठावें लागूं नये. बिदागी आधीं ठरवावी व पाकिटांत घालून चौघांनाहि द्यावी. ओळखीचा म्हणून तबलजीला नुसत्या नारळावर बोळविण्याची संवय वाईट. पांचसहा कुटुंबांनीं मिळून वर्गणी काढली तर एकावरहि भार पडत नाहीं. नामांकित गवयांच्या मागें न लागतां आपल्याच गांवांत शिकणाऱ्या तरुणांस बोलवावें. त्यांना गाणें येत असतें, ऐकणारे मिळत नसतात. मुलांना मागें न बसवितां अगदीं पुढें, तबल्याजवळ बसवावें. त्यांना राग कळणार नाहीं, पण हात कसा चालतो तें दिसेल. आणि दिसलें म्हणजे तीं हलत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वार ठरवावा. कॉफमनच्या मंडळीचा जसा गुरुवार, तसा महिन्यांतला एक दिवस ठरवून घ्यावा. गाणारा आजारी पडला तर त्या दिवशीं जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. पण दिवस मोडूं नये.

तंबोऱ्याचें काय झालें

आतां राहिली तंबोऱ्याची गोष्ट. वहिनींच्या हट्टावरून आम्हीं तो मोठ्या सतरंजींत गुंडाळून डोंबिवलीस नेऊन पोहोंचविला. तारा गंजल्या होत्या, एक खुंटी ढिली झाली होती. महिनाभरानें त्यांचा निरोप आला, “रविवारीं सर्वांनीं या.” गेलों तों बाहेरची खोली रिकामी करून सतरंज्या घातलेल्या. त्यांच्याच इमारतींत राहणारी, विशारद झालेली एक मुलगी गाणार होती. तबल्यावर तिचा गुरुबंधु, पेटीवर बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आम्ही चौघांत तिघेच मोजले. इतक्यांत वहिनी पदर खोंवून आंतून आल्या, तंबोरा उभा करून बसल्या, आणि कोणाकडे न पाहतां खुंटी पिळूं लागल्या. पंचम लागला, जोड लागला. दोरा जरासा सरकविला आणि खर्जाची तार अशी बोलूं लागली कीं, खोलींतले सर्वजण आपोआप गप्प झाले. गाणाऱ्या मुलीनें त्यांच्याकडे वळून एकदां नमस्कार केला आणि यमनाचा षड्ज लावला.

बैठक संपल्यावर आम्हीं विचारलें, “वहिनी, हें तुम्ही कधीं शिकलांत?”

त्या म्हणाल्या, “लग्नापूर्वीं मध्यमा झालें होतें मी. तुमच्याकडे येतांना माहेरचा तंबोरा धाकट्या बहिणीला देऊन आलें.”

“मग इतकीं वर्षें बोललां कां नाहींत?”

“कोणी विचारलें नाहीं, भावजी.”

एवढें बोलून त्या चहाचे पेले गोळा करावयास उठल्या. या वेळीं मात्र आमच्या धाकट्या बंधूंनीं त्यांना खालीं बसविलें आणि पेले स्वतः आंत नेले. तंबोरा ठेवावयास जागा नाहीं म्हणणारे तेच हे गृहस्थ! पुढच्या महिन्याची बैठक त्यांनीं ठाण्यास आपल्या घरीं ठरवून टाकली. ती झाली, त्याच्या पुढचीहि झाली. आतां दर महिन्याचा दुसरा रविवार आमच्या घरच्या मंडळींनीं राखून ठेवलेला आहे. वाडा गेला, माडी गेली, परंतु तंबोरा लोकलगाडींतून कधीं ठाण्यास, कधीं डोंबिवलीस जातो, आणि दुपारच्या गाडींत थोडी गर्दी असली तरी लोक त्याला जागा करून देतात.

वाचकांच्या घरींहि माळ्यावर एखादी पेटी, भिंतीला टेकलेला एखादा तंबोरा असेल. तो कोणास द्यावयाचा याचा विचार करण्यापूर्वीं घरांतील सर्वांना, विशेषतः माजघरांतील मंडळींना, एकदां विचारून पाहावें, एवढीच विनंति.